खाडी ओलांडायची ती परीक्षेपुरती

१ जूनला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. या दोन महिन्यांत दिघीतल्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी निघते आणि एरवी घरात न सापडणारी माणसं भरदुपारी ओटीवर बसलेली दिसतात. नेमक्या याच दिवसांत देशभरातल्या विद्यापीठांचे घरबसल्या करायच्या पदव्यांचे प्रवेश सुरू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, भाषेत हे जुलै-ऑगस्टचं सत्र. दुसरं जानेवारी-फेब्रुवारीचं, तेव्हा दर्याचं काम जोरात असतं, फॉर्म भरायला कोण बसणार? मेळ आपोआप जुळलेला आहे, पण दिघीला तो सोयीचा आहे.

दिघी हे रायगडातल्या श्रीवर्धन तालुक्याचं उत्तर टोक. राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर गाव, खाडीच्या तोंडाशी जंजिरा, पलीकडे आगरदांडा आणि मुरूड. मुरूडला कॉलेज आहे, श्रीवर्धनला आहे, म्हसळ्यालाही आहे. तिन्ही मुंबई विद्यापीठाची. नकाशावर मुरूड हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये पाणी. जंगल जेट्टीनं, म्हणजे फेरीबोटीनं, आगरदांड्याला उतरायचं, तिथून रिक्षा नाहीतर एसटी. पावसाळ्यात दर्या खवळून जेट्टी बंद राहिली, तर म्हसळ्यावरून खाडीला भलामोठा वळसा. श्रीवर्धनचा रस्ता बोर्लीपंचतनवरून, आणि सकाळची गाडी चुकली की दिवसच चुकला. बारावीनंतर शिक्षण थांबतं ते बऱ्याचदा बुद्धीपायी किंवा फीपायी नव्हे, या जाण्या-येण्यापायी. मुलींचं तर हमखास.

मग कुणीतरी म्हणतं, ‘बाहेरून कर ना.’

‘बाहेरून’ हा शब्द मराठी घरांत किमान पन्नास वर्षं मुरलेला आहे. ‘बाहेरून बी.ए.’, ‘बाहेरून एम.ए.’, सांगताना आवाज थोडा खाली जातो. विद्यापीठांचा भारदस्त शब्द होता ‘बहिःस्थ’. मुंबई विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं ते १९७१मध्ये. त्याच वर्षी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं पहिली तुकडी घेतली होती. दिल्ली विद्यापीठ १९६२पासूनच या वाटेवर होतं. पत्राद्वारे म्हणजे अक्षरशः पत्राद्वारे: छापील नोट्सचं पार्सल पोस्टानं यायचं. माझ्या वेळी एका विषयाचं पार्सल परीक्षा संपल्यावर नऊ दिवसांनी आलं, तेही भिजून. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. पोस्टमनलाच जास्त वाईट वाटलं होतं.

या ‘बाहेरून’ला महाराष्ट्रात मान मिळवून दिला तो नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं. राज्याच्या कायद्यानं ते १९८९मध्ये उभं राहिलं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचेही झाले. ब्रीद होतं ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ताकवल्यांच्या विद्यापीठानं दोन गोष्टी केल्या. बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ची शिडी लावली, त्यामुळे मधेच शाळा सुटलेल्या गृहिणी, पोलीस शिपाई, एसटी कंडक्टर पदवीपर्यंत पोहोचले. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: त्यांनी शिक्षकाविना वाचता येतील अशी पुस्तकं मराठीत लिहून घेतली. शेजारी कुणी समजावणारं नाही असं गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक वेगळंच असतं. जरा लांबण लावतं, पण हात सोडत नाही.

आता ‘ऑनलाइन पदवी’. या एका नावाखाली लोक तीन निरनिराळ्या गोष्टी बोलतात आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिली दूरस्थ पदवी. मुक्त विद्यापीठ, इग्नू, मुंबई विद्यापीठाचं कलिन्यातलं केंद्र यांची. यात पुस्तकं, अभ्यास केंद्र, जमल्यास रविवारची संपर्क सत्रं आणि केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. हल्ली व्याख्यानंही मोबाइलवर दिसतात, म्हणून लोक तिलाच ऑनलाइन म्हणतात. दुसरी खरी ऑनलाइन पदवी. तिची व्याख्यानं, स्वाध्याय, शंका सगळं इंटरनेटवरून, आणि परीक्षासुद्धा कॅमेऱ्याच्या नजरेखाली घरून देता येते. या दोन्हींचे नियम यूजीसीनं ४ सप्टेंबर २०२०ला एकत्र केले. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ शिक्षण आपल्या हद्दीतच देता येतं. ऑनलाइनला हद्द नाही, चेन्नईचं किंवा जयपूरचं विद्यापीठ दिघीतल्या ओटीवर शिकवू शकतं. तिसरी गोष्ट म्हणजे ‘स्वयम्’. केंद्र सरकारनं २०१७मध्ये सुरू केलेलं हे व्यासपीठ सुटे विषय शिकवतं, पदवी देत नाही. मात्र तिथं कमावलेली क्रेडिट्स (श्रेयांक) आपल्या विद्यापीठानं मान्य केली, तर पदवीच्या ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात. श्रीवर्धनच्या कॉलेजात नाव घातलेल्या मुलालाही ही सोय आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

ऑनलाइनवरचा लोकांचा अविश्वास मात्र या नियमांमुळे आलेला नाही. तो २०२०च्या पावसाळ्यातून आला आहे. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर गप्प झाले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. टाळेबंदीमुळे शाळा-कॉलेजं बंद होतीच, आणि राज्यभर ‘ऑनलाइन वर्ग’ सुरू झाले ते याच जूनमध्ये. छपरावर कौल नाही, फोनला चार्जिंग नाही आणि मास्तर म्हणतात लिंकवर या. सिंधुदुर्गातली एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून बसल्याची बातमी त्याच पावसाळ्यातली. त्या वर्षी जे चाललं ते वेळ निभावणं होतं. फळ्यासमोरचं शिकवणं जसंच्या तसं फोनमध्ये घातलेलं. पुढे २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असं सांगितलं, मग ऑक्टोबरमध्ये घाईघाईत बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. ‘कोविड बॅच’ हे नाव चिकटलं, आणि त्याचे शिंतोडे ऑनलाइन पदवीवर उडाले.

गंमत म्हणजे वादळाच्याच महिन्यात, ३० जून २०२०ला, आयआयटी मद्रासनं प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. जेईई नाही, वयाची अट नाही. चार आठवडे शिकायचं, मग पात्रता परीक्षा. शिकवणं सगळं नेटवर, पण परीक्षा ठरलेल्या शहरात केंद्रावर जाऊन. ज्यांना कॉम्प्युटर सगळ्यांत जास्त कळतो त्यांनीच परीक्षेला माणूस समोर बसवून घेतला, यात मला बरंच काही दिसतं.

दिघीपुरतं बोलायचं तर केंद्रावरची परीक्षा हीच सोयीची आहे. ऐकायला उलटं वाटेल. पण घरून परीक्षा देताना मधेच लाईट गेली, रेंज तुटली, कॅमेऱ्याच्या चौकटीत आजी चहा घेऊन आली, की पेपर वादात. त्यापेक्षा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम टाकून केंद्रावर जाणं परवडतं. खाडी ओलांडायचीच, पण वर्षातून मोजक्या वेळा. आणि हे दिवस काही गौण नव्हेत: नियमाप्रमाणे अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो.

खरी अडचण वर्षातल्या उरलेल्या दिवसांची आहे. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. गुणाकार करा: ३६०० तास. तीन वर्षांत वाटले तर आठवड्याला २३, रोज सव्वातीन तास, दिवाळी-शिमगा-गणपती धरून. जाहिरातीत हा आकडा कधी नसतो. तिथं ‘तुमच्या सवडीनं’ असं लिहिलेलं असतं. सवड ही वस्तू कुणाच्या घरी किती आहे ते ज्याचं त्यानं मोजावं. ज्या बाईला पहाटे पाणी भरायचं, मासळी निवडायची आणि संध्याकाळी सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ पाळायची आहे, तिचे सव्वातीन तास घरातल्या बाकीच्यांनी काढून द्यावे लागतात. ही वाटाघाट प्रवेशाच्या आधी झालेली बरी.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चार भाग यूजीसीनं ठरवून दिले आहेत: चित्रफितीतलं व्याख्यान, वाचायचा मजकूर, स्वतःची स्वतः घ्यायची चाचणी आणि शंका विचारायची, चर्चेची जागा. पहिल्या तिन्हीवर विद्यापीठं पैसा खर्च करतात. चौथी जागा बहुतेक ओस. कॉलेजात नापास होणाऱ्याला बाकावर शेजारी असतो. इथं मागे पडलेला कुणाला दिसतच नाही. दिघी, आदगाव, वेळास, कुडगाव अशा गावांतल्या चार-पाच जणांनी एकच अभ्यासक्रम घेऊन आठवड्यातून एकदा बोर्लीला एकत्र बसायचं ठरवलं, तर ती चौथी जागा फुकटात भरून निघेल.

भाषेचं काय? मुक्त विद्यापीठात मराठीतून पदवी घेता येते. हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८पासून उर्दूतून दूरस्थ शिक्षण देतं. या किनाऱ्यावर उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तेव्हा इथल्या मुलांना ते माहीत असायला हवं. मात्र खासगी विद्यापीठांच्या झगमगत्या ऑनलाइन पदव्या बहुतेक इंग्रजीतल्या, आणि तीन वर्षांची फी बऱ्याचदा लाखाच्या पुढे. मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा पहिल्या सत्रात बुडतो तो विषयात नव्हे, भाषेत.

आता पदवीच्या वजनाचा प्रश्न. दिघी बंदर फेब्रुवारी २०२१मध्ये अदानी समूहाकडे ७०५ कोटी रुपयांत गेलं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात रायगडातलं दिघी आहे. कामं निघतील, जाहिरातीत ‘पदवीधर’ हा शब्द असेल. सप्टेंबर २०२२मध्ये यूजीसीनं स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. एमपीएससीचा अर्ज भरताना बाहेरून की आतून हा प्रश्न उरत नाही.

पण ही बरोबरी देशापुरती. दिघी, म्हसळा, श्रीवर्धनमधल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर चालते. तिथं पदवीची कागदपत्रं साक्षांकित करून पडताळली जातात, आणि काही देश दूरस्थ पदवीला नियमित पदवीइतकं मोजत नाहीत. कुवेत-दुबईचा बेत असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारावं, मग फी भरावी. जहाजावर जाणाऱ्यांचं तर सरळ आहे: ते प्रशिक्षण डीजी शिपिंगच्या मान्यतेच्या संस्थेत राहूनच होतं. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुकला, फिजिओथेरपी यांच्या पदव्या घरबसल्या मिळतच नाहीत. मानसशास्त्र, आहारशास्त्र यांसारखे विषयही जुलै २०२५च्या सत्रापासून या यादीत गेले. ‘ऑनलाइन नर्सिंग’ विकणारा कुणी भेटला तर तो काय विकतोय ते समजून घ्या.

भेटतातच. बाजारातल्या गाळ्यात ‘युनिव्हर्सिटी स्टडी सेंटर’ अशी पाटी, आत एक टेबल, आणि एका वर्षात पदवी, मागची वर्षं ‘मॅनेज’ करून. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझीला जागाच नाही. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी जाहीर करते आणि नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ त्या यादीत आपल्या राज्याचं नाव राखून आहे.

माझं मत विचाराल तर ते वयावर ठरतं. अठराव्या वर्षी, श्रीवर्धन किंवा मुरूडला कसंही जाता येत असेल, तर कॉलेजातच जावं. त्या वयात पदवीइतकीच गावाबाहेरची चार माणसं भेटण्याची गरज असते. पण संसारात पडलेली बाई, बंदरात पाळीवर जाणारा, होडीवरचा खलाशी, जेट्टीवर नोकरी करणारा, ज्यांना पदवी कशासाठी हवी हे पक्कं ठाऊक आहे, त्यांनी बिनदिक्कत बाहेरून करावं आणि सांगताना आवाज खाली आणू नये. त्यांच्यासाठी मी मराठी पुस्तकं आणि केंद्रावरची परीक्षा असलेलं विद्यापीठ निवडीन, झगमगाट नव्हे.

प्रवेश घेण्याआधी एवढं करा. २०२४पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला ‘डेब आयडी’ हा ओळख क्रमांक लागतो. त्यासाठी आधी डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं काढावं लागतं; दोन्ही फुकट आहेत, कुणाला पैसे देऊ नका. मग यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजेच ‘डेब’च्या, संकेतस्थळावरची मान्यतेची यादी स्वतः उघडा, दुसऱ्याच्या फोनवर दाखवलेलं चित्र पाहून समाधान मानू नका. विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि चालू वर्ष, तिन्ही तिथं सापडली पाहिजेत. दोनच सापडली, तर फी भरू नका.