न्हाणीघरातील विजेचा शॉवर आणि त्याच्या स्विचची जागा

रायपूरचा हिवाळा फार दिवसांचा नसतो. तथापि डिसेंबर-जानेवारीतील पहाटे स्नानास ऊन पाणी लागतेच. पूर्वी अंगणात बंब पेटत असे. आता अनेक घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचे यंत्र बसले आहे. सोय वाढली, तशी दक्षतेची गरजही वाढली.

वाहते पाणी जागच्या जागी तापवण्यास पुष्कळ शक्ती लागते. ३ किलोवॉटचा शॉवर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. तरीही २० अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत तापवताना तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी देतो. म्हणून त्यास स्वतंत्र व पुरेशा जाडीची तार हवी, आणि पुरवठा पूर्णपणे तोडणारा स्विचही हवा.

हा स्विच ‘डबल पोल’ असावा, म्हणजे त्याने फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तुटतात. एकाच तारेवरचा स्विच चुकून न्यूट्रलवर जोडला गेला, तर तो बंद करूनही यंत्रात वीज राहते. दुरुस्तीस हात घालणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते ती येथेच.

आता जागेचा विचार. ओल्या त्वचेचा विद्युत्‌रोध कोरड्या त्वचेपेक्षा पुष्कळच कमी असतो. आंतरराष्ट्रीय विद्युत् नियमांनुसार, पन्हळी बैठक नसलेल्या शॉवरच्या तोंडापासून सभोवार १.२० मीटर व जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतच्या भागात असा स्विच बसवू नये. सव्वा-दीड मीटर रुंदीच्या न्हाणीघरात या मर्यादेबाहेर फारशी भिंत उरतच नाही. ब्रिटनमध्ये छतावर स्विच बसवून त्याची दोरी खाली सोडतात; हाताचा स्पर्श केवळ दोरीला होतो. आपल्याकडे सरळ उपाय म्हणजे स्विच दाराबाहेर, छातीइतक्या उंचीवर, सहज दिसेल असा लावणे. जुन्या घरांत न्हाणीघराचे दार उघड्या अंगणात असते. तेथे पावसाची झड पोहोचणार नाही, अशीच जागा निवडावी.

केवळ स्विचवर मात्र विसंबू नये. तो चालू असताना गळणारी वीज त्याला कळत नाही. त्यासाठी नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीस पुरवठा तोडणारे संरक्षक यंत्र, ही दोन्ही आवश्यक होत. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.