पट्ट्यांवरचा चिखल

लातूरच्या एका जुन्या बोर्ड-पेंटरने ओळखीच्या माणसाला नळदुर्गहून येताना डबाभर माती आणायला सांगितली, हे कानावर आलं तेव्हा मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल. तसं नव्हतं. ती माती त्यांना रणगाड्याच्या पट्ट्यांना लावायची होती, आणि तो रणगाडा होता जेमतेम सव्वातीन इंच लांबीचा. हे ऐकल्यावर त्यांना गाठायचं मी ठरवूनच टाकलं.

हे रणगाडे दोन शहरांत मिळून तयार होतात. नांदेडचा एक तरुण इंजिनिअर संगणकावर आराखडा करून थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये सुटे भाग छापतो, ते अल्कोहोलमध्ये धुतो, अतिनील प्रकाशात कडक करतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस घालून लातूरला पाठवतो. तिथे ते चिकटवायचं, घासायचं आणि रंगवायचं काम पेंटरकाकांचं. चाळीसेक वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर लिहिले. फ्लेक्स आला आणि ती कामं गेली. हात मात्र आजही तितकाच स्थिर आहे. भारतीय सैन्याच्या १९४८ मधल्या खुणांची तयार चिकटचित्रं बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते भिंग लावून शून्य नंबरच्या ब्रशने तांदळाएवढे आकडे लिहितात. मी पाहत असताना त्यांनी एक आकडा पुसून पुन्हा लिहिला. मला दोन्हींत फरक दिसला नाही, त्यांना दिसला.

मापाचं विचारलं तर काका म्हणाले, "सहा फूट म्हणजे एक इंच. बस, बाकी सगळं त्यावरनं काढायचं." हे प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. एअरफिक्ससारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या संचांनी ते जगभर रुळवलं. सहा फुटी माणूस टेबलावर इंचभर उभा राहतो. शेरमन रणगाडा खरा पावणेसहा-सहा मीटर लांब आणि तीस टनांच्या आसपास वजनाचा. इथे तो आठ सेंटिमीटरचा होतो आणि तळहातावर मावतो. काका कोणताही भाग हातात घेतला की आधी शेजारी इंचभराचा शिपाई उभा करतात. झाकणातून हा माणूस आत उतरू शकेल का? या पायरीवर त्याचा पाय पोचेल का? नाही वाटलं तर भाग नांदेडला परत जातो.

रणगाडे युरोपातले नाहीत, आपल्याच भागात येऊन गेलेले आहेत. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या हाताखालची १ आर्मर्ड डिव्हिजन सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली. कारवाईचं नाव 'ऑपरेशन पोलो'. लोक तिला आजही 'पोलिस ॲक्शन' म्हणतात. पहिली झटापट नळदुर्गला, बोरी नदीच्या पुलापाशी झाली. पूल उडवला जाण्याआधीच भारतीय तुकड्यांनी तो शाबूत ताब्यात घेतला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती गाड्या पुढच्या जळकोटला होत्या आणि दुपारी सव्वातीनपर्यंत साठ किलोमीटर आतल्या उमरग्याला पोचल्या. दुसरी तुकडी तुळजापूरला गेली. तिथे हैदराबादचे सैनिक आणि निजामाच्या बाजूने लढणारे सुमारे दोनशे सशस्त्र रझाकार दोन तास लढले. त्या तुकडीला पुढे लोहाऱ्याकडे मात्र जाता आलं नाही, नदीला पूर आला होता. लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, त्याच दिवसांत हाती आली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण ध्वजवंदन करतो तो हाच दिवस.

सप्टेंबर, पूर आणि काळी जमीन. काकांच्या सगळ्या कामाचा जीव यात आहे. रंगकामातला बराच भाग ठरलेला असतो: राखाडी प्रायमर, त्यावर ऑलिव्ह हिरवा, खाचांमध्ये पातळ गडद रंग सोडायचा, कडांवर जवळपास कोरडा ब्रश फिरवायचा. लहान वस्तूवर मूळ रंग आहे त्याहून गडद दिसतो, म्हणून हिरव्यात थोडा फिकट रंग मिसळायचा. हे सगळं ते बोलत बोलत उरकतात. मातीची वेळ आली की बोलणं थांबतं.

माती लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायची, म्हणजे ओल आणि काडीकचरा जातो. मग खलबत्त्यात कुटायची, पातळ सुती कापडातून वस्त्रगाळ करायची, पुन्हा कुटायची. इतका खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं.

"एक मिलिमीटरचा खडा राहिला तर तिथं तो सात सेंटिमीटरचा धोंडा होतो," काका म्हणाले. "चिखल करलालो मी, गिट्टी नाही."

विकत का आणत नाही, यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. "विकतच्या डबीवर युरोपची माती असं लिहिलेलं असतं. पिवळट असती ती. आपल्या रानात पिवळा चिखल कुठाय?"

वस्त्रगाळ मातीत त्यांनी पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पहिल्या पावसाचा वास खोलीभर पसरला. समोर रेझिनचा रणगाडा, हातात ब्रश आणि वास शेताचा. त्या दुपारनंतर लातूरला गेले की माझे पाय त्या गल्लीकडे वळतात ते या वासासाठी.

काळ्या मातीचा चिखल रंगवणं अवघड आहे. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते, चिकटते आणि गडद काळी दिसते. वाळली की राखेच्या रंगावर येते आणि तिच्या पापड्या सुटतात. म्हणून काका एकाच रणगाड्यावर चिखलाचे तीन थर देतात. पट्ट्यांच्या तळाशी ओला, वर वॉर्निशची चमक असलेला. चाकांच्या मध्ये अर्धवट सुकलेला. वर बाजूच्या पत्र्यावर राखाडी शिंतोडे, त्यात रस्त्याकडेच्या मुरमाची तांबूस झाक. बोरीच्या पुलावर सकाळी उभा असलेला रणगाडा आणि उमरग्याला दुपारी पोचलेला रणगाडा ते वेगवेगळे रंगवतात. पट्ट्यांकडे पाहून वेळ सांगता आली पाहिजे, ही त्यांची अट आहे.

ही अट मला आधी हौशीचा अतिरेक वाटली होती. हे रणगाडे ज्या युद्धखेळासाठी बनतात तो नांदेडला मांडलेला पाहिला आणि तिचं कारण समजलं. सहा फूट लांब टेबलावर नदी, पूल, नळदुर्गच्या तटाचा एक तुकडा आणि दोन्ही बाजूंना शेतं. इथे अंतराचं माप वेगळं धरावं लागतं. शेरमनची तोफ किलोमीटरभर मारा करते. एकास बहात्तरने ते अंतर चौदा मीटर भरेल आणि खोलीच्या बाहेर जाईल. म्हणून जमिनीवर एक इंच म्हणजे पन्नास यार्ड धरतात. माणूस एका मापाचा, रान दुसऱ्या मापाचं. युद्ध टेबलावर मांडायची रीत जुनी आहे. रायस्विट्झ पितापुत्रांनी प्रशियात १८१२ ते १८२४ दरम्यान अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ घडवला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तो घरच्या दिवाणखान्यात आणला. नियम, अंतर आणि फासा ही चौकट रायस्विट्झांपासूनची आहे.

नांदेडच्या इंजिनिअरने आणि त्याच्या मित्रमंडळींनी त्या चौकटीत आपलं रान बसवलं आहे. हैदराबादकडून खेळणाऱ्याला पूल उडवण्यासाठी फासा टाकायची एकच संधी मिळते. भारताकडून खेळणाऱ्याने रणगाडा रस्त्यावरून शेतात उतरवला की फासा टाकायचा, आणि एक किंवा दोन पडले की रणगाडा रुतला, तो खेळ संपेपर्यंत तिथेच. मी पाहिलेल्या डावात कडेकडेने वळसा घालायला निघालेले दोन शेरमन असे अडकले. पुस्तकात 'सैन्य वेगाने पुढे सरकलं' असं एक वाक्य वाचून आपण पुढे जातो. त्या वेगामागे एक अरुंद रस्ता होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरता न येणारी काळी जमीन होती, हे मला टेबलापाशी उमगलं. काकांचा चिखल ही सजावट नाही, खेळातली सगळ्यात मोठी ताकद तीच आहे.

तरीही एक प्रश्न मनात होता आणि तो मी विचारला. पाच दिवसांत संपलेली, आपल्या बाजूने जिंकलेली लढाई टेबलावर पुन्हा पुन्हा मांडताना जे टेबलावर येत नाही त्याचं काय? रझाकारांनी गावांवर केलेले अत्याचार त्या पाच दिवसांच्या आधीचे. कारवाईच्या काळात आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेली हिंसाही टेबलाच्या बाहेरची. तिची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावं आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सहा फूट म्हणजे एक इंच. सत्तावीस हजार माणसं एकापुढं एक आडवी ठेवा बरं." मी हिशेब केला. इंचभराच्या माणसांची ती रांग ६८६ मीटर भरते. त्यासाठी कुठलं टेबल पुरेल?

त्यांनी त्यावर आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. खोक्यात रणगाड्यांसोबत आता बैलगाड्या येतात: डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, कडेवरची पोरं, एक म्हातारा. काका त्यांना शिपायांपेक्षा जास्त वेळ देतात, लुगड्याचे काठसुद्धा रंगवतात. यांच्यात हिंदू कोण आणि मुसलमान कोण हे कळेल असं काही त्यांनी ठेवलेलं नाही, आणि ते मुद्दाम. नांदेडच्या मुलाने त्यांच्यासाठी नियम लिहिला: या गाड्या दोन्ही बाजूंच्या गोळीबाराच्या रेषेतून रस्ता ओलांडतात, आणि त्यातल्या किती सुखरूप पलीकडे गेल्या ते मोजल्याशिवाय जिंकणारा जाहीर होत नाही. पूल घेतला पण गाड्या गमावल्या, तर डाव बरोबरीत.

युद्धखेळात अशी मोजणी सहसा नसते. मी पाहिलेल्या डावात हा नियम लागू होताच खेळणाऱ्यांचे हात थबकले आणि जिथे सरळ मारा करता आला असता तिथे त्यांनी वाट पाहिली. सतरा सप्टेंबरला शाळाशाळांतून आपण भाषणं ऐकवतो. त्या दिवशी आठवी-नववीच्या वर्गात असं एक टेबल मांडलं, मुलांना फासा टाकू दिला आणि शेवटी गाड्या मोजायला लावल्या, तर मुक्तिसंग्राम कशासाठी झाला आणि त्याची किंमत कोणाकोणाला पडली, हे दोन्ही प्रश्न मुलं स्वतःहून विचारतील.