नळ हळूच सोडून बघा

द्रव आणि वायू या दोघांना मिळून मराठीत 'द्रायू' म्हणतात. शब्द मुद्दाम घडवलेला आहे हे ऐकताच कळतं, पण मला तो आवडतो. पाणी आणि हवा एकाच घरातली आहेत, हे तो दोन अक्षरांत सांगून टाकतो.

नातं कशावरून? खरवसाच्या वडीवर बोट ठेवून हलकेच आडवं ढकला. वडी जरा तिरपी होते, मग अडून बसते. बोट काढलं की पुन्हा सरळ. आता तेच ताटलीतल्या काकवीवर करा. काकवी अडत नाही. जोर कितीही कमी असो, तो आहे तोवर ती सरकतच राहते. असा आडवा जोर ज्याला थोपवून धरता येत नाही, तो द्रायू. हवाही यातलीच.

म्हणूनच स्थिर पाणी टाकीच्या भिंतीला घासत नाही, फक्त काटकोनात दाबतं, आणि एकाच खोलीवर सगळीकडे सारखंच दाबतं. दाब ठरतो वर किती उंचीचं पाणी आहे त्यावर, टाकीच्या रुंदीवर नाही. सोसायटीच्या सभेत शॉवरला जोर नाही म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक मोठी टाकी मागतात. मोठ्या टाकीतलं पाणी जास्त वेळ पुरेल, जोर तेवढाच राहील. टाकी उंचावर न्या, नाहीतर पंप बसवा.

वाहत्या पाण्याची गंमत निराळी. नळ अगदी हळू सोडा. धार काचेच्या कांडीसारखी दिसते, हलतेय की नाही तेही कळत नाही. खाली येताना ती निमुळती होते: पडता पडता वेग वाढतो, पण वरून जेवढं पाणी येतं तेवढंच खालून जाणार, म्हणून जाडी घटते. नळ आणखी सोडला की ही काच फुटते, धार खडबडीत होते.

असाच बदल ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 साली मँचेस्टरला काचेच्या नळ्यांत रंग सोडून दाखवला. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ जायची. वेग वाढवला की एकाएकी विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळायची. वेग, नळीचा व्यास आणि घनता यांच्या गुणाकाराला दाटपणाने भागून येणारा आकडा साधारण 2000 च्या खाली असेल, तर प्रवाह शिस्तीत राहतो. अर्ध्या इंची नळीतल्या पाण्यासाठी याचा अर्थ, लिटरभराचा तांब्या भरायला पन्नासएक सेकंद. सकाळच्या घाईत एवढा धीर कोणाला?

या दाटपणाला शास्त्रात 'श्यानता' म्हणतात. थंडीत काकवी बाटलीतून उतरत नाही, तापवली की भराभर येते, कारण उष्णतेने रेणूंची आपसातली पकड सैल होते. हवेचं उलटं: ती तापली की श्यानता वाढते. वायूत पकड जवळपास नसतेच. रेणू एका थरातून दुसऱ्यात घुसतात आणि तापल्यावर ही घुसाघुशी वाढते.

श्यानतेची कमाल बघायची तर ऑस्ट्रेलियात. हातोडीने ठिकऱ्या उडतील असं टणक डांबर क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 साली तापवून नरसाळ्यात ओतलं आणि 1930 मध्ये खालचं तोंड कापलं. त्याचा नववा थेंब 2014 साली सुटला.