गाडी एकाची, इंजिनाचा हक्क दुसऱ्याचा

जर्मनीतल्या नेकारझुल्म गावच्या एनएसयू कंपनीने मोटारसायकलींवर नाव कमावलं, पण शेअर बाजारात तिच्याबद्दल कुजबुज सुरू झाली ती एका इंजिनामुळे. फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेवर बेतलेलं हे इंजिन १९५७ साली पहिल्यांदा चाललं. त्यात वरखाली होणारा पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. भाग मोजके, आकार आटोपशीर आणि हादरे अगदी कमी.

सगळं अडलं ते रोटरच्या तीन टोकांशी. प्रत्येक टोकाच्या खाचेत सीलची बारीक पट्टी असते. स्प्रिंग आणि वायूचा दाब तिला भिंतीला टेकवून ठेवतात आणि ती क्षणाक्षणाला कोन बदलत घासत जाते. ती थरथरली की भिंतीवर आडवे ओरखडे उमटतात. झिजली की एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात निसटतो आणि गाडीचा दम जातो. हे इंजिन घेऊन १९६७ साली आलेली एनएसयूची रो ८० युरोपात वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरली खरी, पण वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीच्या नाकी नऊ आले.

१९६९ मध्ये फोक्सवॅगनने एनएसयूचं आपल्या ऑटो युनियनशी विलीनीकरण ठरवलं, तेव्हा छोटे भागधारक बिथरले. कारखान्याचं मोल केलंत, इंजिनाचं काय? अमेरिकेतल्या कर्टिस-राइटने १९५८ मध्ये आणि जपानच्या टोयो कोग्योने १९६१ मध्ये त्याचे परवाने घेतले होते. अखेर तोडगा निघाला: भागधारकांना वेगळी लाभपत्रं मिळाली आणि परवान्यांच्या उत्पन्नात वाटा मिळाला. गाड्यांचा धंदा फोक्सवॅगनकडे गेला, इंजिनाची आशा जुन्या भागधारकांकडे राहिली.

मला ही मागणी पूर्ण न्याय्य वाटते. ज्यांनी जोखीम सोसली त्यांनी फळातला वाटा मागितला, यात गैर काय? चूक पुढे झाली. १९७० मध्ये जनरल मोटर्सने या इंजिनाच्या परवान्यासाठी ५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा करारावरची सही म्हणजेच इंजिनाच्या टिकाऊपणाची हमी, असं बाजाराने धरलं. बड्या कंपन्या तर स्पर्धकाच्या मागे पडू नये एवढ्यासाठीही परवाने घेतात. १९७३ चं तेलसंकट आलं आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने आपली या इंजिनाची योजना लांबणीवर टाकली. पुढे ती सोडूनच दिली.

सीलचा प्रश्न चिवटपणे सोडवला तो टोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदाने. केनिची यामामोतो यांच्या चमूने सीलसाठी नवनवे पदार्थ आजमावले आणि १९९१ मध्ये माझदाच्या रोटरी गाडीने ल मॉंची शर्यत जिंकली. तरी पेट्रोलचा खप काही आटोक्यात आला नाही, कारण लांबट, पसरट ज्वलनकक्षात ज्वाला कडेपर्यंत पोहोचायच्या आत मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो.