घड्याळात १६००, मोबाईलमध्ये १६५०. पोलीस भरतीवाल्यांनी खरं काय धरायचं?

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे रस्त्यावर धावतात. हातात स्मार्टवॉच, खिशात मोबाईल. पण घड्याळाची नोंद स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये गेली की आकडे बदलतात. मग जो आकडा बरा वाटतो तोच धरला जातो, आणि तिथंच घोळ होतो.

आधी वेळेचं बघू. मध्ये दम खायला थांबलात तर स्ट्राव्हा तो वेळ वगळून ‘मूव्हिंग टाइम’ दाखवतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा पूर्ण वेळ ‘इलॅप्स्ड टाइम’ म्हणून वेगळा असतो. मैदानावरचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून हाच धरा.

अंतराचा फरक जीपीएसमुळे पडतो. जीपीएस थोड्या-थोड्या वेळानं तुमची जागा टिपतं आणि ते ठिपके सरळ रेषेनं जोडतं. वळणावर ठिपके लांब पडले की अंतर कमी भरतं; झाडी, इमारतींजवळ ठिपके इकडं-तिकडं उडाले की जास्त भरतं. मोबाईलचं बॅटरी सेव्हर चालू असेल तर मधले ठिपके गळूही शकतात.

पन्नास मीटरनं काय होतंय, असं वाटेल. पण १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला तेवढ्याला १० सेकंद लागतात. ॲपनं अंतर जास्त मोजलं तर तुम्ही १५५० मीटरच धावून खूश होता!

त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ४०० मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर, आतल्या लेनमधून धावा. मुलांना चार फेऱ्या, मुलींच्या ८०० मीटरला दोन. स्टॉपवॉच मात्र दोस्ताच्या हातात द्या.