झाड का वाळते?

बागेतील एखादे झाड वाळू लागले म्हणजे लोक बहुधा दोनच तर्क करितात : कीड लागली असेल, किंवा पाणी कमी पडले असेल. पुष्कळदा हे दोन्ही तर्क खोटे ठरतात, आणि खोट्या तर्कावर योजिलेला उपाय झाडास मूळ दुखण्याहून अधिक जाचतो. वाढलेला वृक्ष एकदा तोडला की पन्नास वर्षे परत मिळत नाही. म्हणून कारण शोधण्याची रीत विद्यार्थ्यांस ठाऊक असावी.

प्रथम पाहावयाचे ते हे की, झाड खरोखरच मेले आहे काय? बदलापुराहून बारवी धरणाकडे जाताना पावसाळ्याच्या अखेरीस कधी कधी सागाचे रान करपल्यासारखे तपकिरी दिसते. पाहणारास वाटते, वणवा लागून गेला. परंतु त्यातील एक पान घेऊन उजेडासमोर धरावे. शिरांची जाळी तेवढी शाबूत, मधला हिरवा भाग नाहीसा! हे एका लहानशा पतंगाच्या अळीचे काम होय. सागाची वाढ याने मंदावते, पण तो सहसा मरत नाही. त्यास पुन्हा पालवी फुटते. संशय उरल्यास कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे व ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. एकाच जातीची झाडे वाळत आहेत, की शेजारची सर्वच? एकाच जातीवर संकट असेल तर कीड अथवा रोग शोधावा; भिन्न जातींची झाडे एकदम सुकत असतील तर जमिनीकडे व पाण्याकडे वळावे.

सर्वच झाडे वाळण्याचे उदाहरण धरणाच्या काठीच समजून घेता येते. बारवी धरण 1972 मध्ये बांधले गेले व पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढविण्यात आली. धरणाचे पाणी जेथे नव्याने चढून राहते, तेथे रानातील बहुतेक झाडे उभ्या उभ्या वाळतात. पाण्यात उभे असून झाड वाळावे, हे प्रथम नवल वाटते. परंतु मुळांसही श्वास घ्यावा लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळीतल्या हवेवर चालतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरून कुजतात. मग भोवतालचे पाणी पानांपर्यंत पोचविणार कोण? म्हणूनच बुडालेल्या झाडाची पाने तहानलेल्या झाडाच्या पानांसारखीच मलूल होतात. बागेत साचलेल्या पाण्याने मलूल झालेले झाड पाहून माळी आणखी दोन घागरी ओततो, तेव्हा त्याचा हेतू चांगलाच असतो.

एका जातीवरील संकट मुंबईने पाहिले. 2010 नंतरच्या दशकात तेथील शेकडो पर्जन्यवृक्ष वाळले. हा वृक्ष मूळचा दक्षिण व मध्य अमेरिकेतील. आपल्याकडे सावलीसाठी रस्तोरस्ती लाविलेला. त्यावर पिठ्या ढेकूण पसरले. हे कापसासारखे पांढरे किडे रस शोषितात व चिकट गोड द्रव टाकितात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढून पाने काजळतात, आणि त्याच गोडीसाठी आलेल्या मुंग्या ढेकणांचे शत्रू हाकलून त्यांचे रक्षण करितात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यामागोमाग नजर वर न्यावी.

तथापि एवढ्यावर थांबू नये. अशक्त झाडास कीड लवकर जिंकते, आणि शहरातील झाडास अशक्त करणारी वस्तू बहुधा त्याच्या पायाशीच असते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मुख्यतः जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरात असतात. खोडापर्यंत सिमेंट ओतले की तेथे ना पाऊस मुरतो, ना हवा शिरते. दिल्लीतील झाडांभोवतालचे सिमेंट एक मीटरपर्यंत काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिला, तो याच कारणास्तव. आपल्या बागेतील कोणत्या झाडाभोवती एवढी जागा मोकळी आहे, हे साध्या मोजपट्टीने पाहता येईल.