बीजांडकोशाच्या शस्त्रक्रियेनंतर

पोटाची शस्त्रक्रिया होऊन एखादी स्त्री घरी परतली की शेजारीपाजारी चौकशीला येतात आणि घरातील वडीलधारी माणसे दोन शब्दांत सारी हकीकत सांगून मोकळी होतात : "पिशवी काढली." या दोन शब्दांत एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. गर्भाशय काढले, बीजांडकोश काढले, की दोन्ही? बीजांडकोश काढले असतील तर एक काढला की दोन? त्या स्त्रीचे पुढचे सहा आठवडेच नव्हे, तर पुढची कित्येक वर्षे कशी जातील, हे पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

बीजांडकोश, म्हणजेच अंडाशय, हे गर्भाशयाच्या दोन्ही अंगांस असलेले, साधारण बदामाच्या आकाराचे दोन लहान अवयव होत. दरमहा स्त्रीबीज तयार करणे हे त्यांचे एक काम सर्वांना ठाऊक असते. त्यांचे दुसरे काम मात्र डोळ्यांआड चालते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन यांसारखी संप्रेरके ते रक्तात सोडतात. हाडांची बळकटी, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, झोप, शरीराच्या उष्णतेचे नियमन या सर्वांशी त्यांचा संबंध आहे. म्हणून बीजांडकोश काढल्यावर बरे होण्याची दोन कामे शरीरापुढे उभी राहतात. एक, जखम भरून काढण्याचे. आणि दुसरे, संप्रेरकांच्या अभावाशी जुळवून घेण्याचे.

पहिल्या कामाचा इतिहास मोठा रोमहर्षक आहे. २५ डिसेंबर १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी प्रांतात डॅनव्हिल या गावी इफ्राइम मॅक्डॉवेल या शल्यवैद्याने जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीच्या बीजांडकोशावरील गाठ काढली. गाठीचे वजन सुमारे साडेबावीस पौंड होते. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा अवतरलेच नव्हते. त्या बाई सुमारे साठ मैल घोड्यावरून प्रवास करून आल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी त्या स्वतःचे अंथरूण आवरताना वैद्याला दिसल्या, पंचविसाव्या दिवशी घराकडे निघाल्या आणि पुढे बत्तीस वर्षे जगल्या. दुसऱ्या कामाचे रहस्य उलगडण्यास मात्र आणखी शतकाहून अधिक काळ लागला. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत अॅडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोजेन वर्गातील पहिले संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

आज ही शस्त्रक्रिया दोन रीतींनी होते. पहिली पोटावर मोठा छेद घेऊन, आणि दुसरी लहान लहान छिद्रांतून, जिला लोक दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणतात. दुर्बिणीच्या रीतीत पोटात वायू भरावा लागतो. त्यामुळे एकदोन दिवस पोट फुगल्यासारखे वाटते आणि खांदा दुखतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा का दुखावा, या शंकेने रुग्णा घाबरते. परंतु राहिलेल्या वायूमुळे होणारी ही वेदना आपोआप ओसरते. या रीतीत रुग्णा बहुधा एकदोन दिवसांत घरी जाते. मोठ्या छेदानंतर आणखी काही दिवस रुग्णालयात राहावे लागते. दोन्ही रीतींत डॉक्टर शक्य तितक्या लवकर उठवून चार पावले चालवतात. ती निर्दयता नव्हे. निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि चालण्याने आतड्यांची गतीही पूर्ववत होऊ लागते.

घरी आल्यावर पहिले काही दिवस थकवा फार जाणवतो. बद्धकोष्ठ होते. त्यासाठी पाणी, फळे, पालेभाज्या आणि डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध उपयोगी पडते. खोकताना वा हसताना पोटावर उशी धरावी, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दोनतीन आठवड्यांत पुष्कळशा स्त्रिया हलकी कामे करू लागतात. मोठ्या छेदानंतर सहा आठवडे वा अधिक काळ लागतो. वरची कातडी लवकर सांधते, पण तिच्याखालचे थर सावकाश बळकट होतात, हे ध्यानात ठेवावे. भरलेली घागर, ओली कपड्यांची बादली, गॅसची टाकी, कडेवरचे मूल यांपैकी काहीही डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत उचलू नये. घाई केल्यास जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो.

काही लक्षणे दिसताच वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप शंभर अंशांच्या वर जाणे, जखम लाल होऊन पू येणे, अंगावरून पुष्कळ रक्त वा दुर्गंधीयुक्त स्राव जाणे, सतत उलट्या होणे, लघवी अडणे, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, ही ती लक्षणे होत. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे वा छातीत दुखणे हे तर तातडीचे संकट समजावे.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. एकच बीजांडकोश काढला असेल, तर उरलेला सहसा दोघांचे काम सांभाळतो. गर्भाशय शाबूत असल्यास पाळी चालू राहते, अपत्यप्राप्तीही होऊ शकते. पाळी आधीच कायमची थांबलेल्या स्त्रीलाही फारसा फरक जाणवत नाही. परंतु पाळी चालू असलेल्या स्त्रीचे दोन्ही बीजांडकोश काढले, तर जी रजोनिवृत्ती निसर्ग काही वर्षांत हळूहळू घडवतो, ती काही दिवसांतच येऊन ठेपते. अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप उडते, मन उदास वा चिडखोर होते, योनिमार्ग कोरडा पडून पतिपत्नींचा सहवास त्रासदायक होतो. पुढे हाडे विरळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. हे सारे खरे शारीरिक परिणाम आहेत. स्वभावदोष नव्हेत, नखरे तर नव्हेतच.

यावर उपाय आहेत. कमी वयात दोन्ही बीजांडकोश गेले असतील, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके औषधरूपाने घेण्याचा सल्ला डॉक्टर बहुधा देतात. गर्भाशय जाग्यावर असल्यास इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषधही द्यावे लागते. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना ही औषधे सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी निराळी औषधे असतात. म्हणून शेजारणीची गोळी आपण घेणे धोक्याचे. दूध, नाचणी, तीळ यांसारखा चुनखडयुक्त आहार, सकाळचे ऊन आणि पूर्ण बरे झाल्यावर रोजचे चालणे हाडांना आधार देतात.

मराठी घरांत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची जुनी रीत आहे. मोठ्या शस्त्रक्रियेलाही जवळजवळ तेवढाच काळ लागतो. पण या रुग्णेच्या कुशीत तान्हे मूल नसते. म्हणून तिची जखम कपड्याआड गेली की घराला तिचा विसर पडतो आणि चूल पुन्हा तिच्याकडे येते. अपत्याची आशा संपल्याचे दुःख एखादीच्या मनात असते, तेही ती बोलून दाखवत नाही. अशा वेळी पतीने, मुलांनी आणि सासूबाईंनी न सांगता पाणी भरून ठेवणे हीच खरी शुश्रूषा होय.

काय काढले आणि का काढले, हे जाणण्याचा रुग्णेला पूर्ण अधिकार आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे समजल्यावर २०१९ साली महाराष्ट्र शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच नीट विचारून घ्यावे, शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. रुग्णालयातून निघताना शस्त्रक्रियेची नोंद असलेला कागद मागून घ्यावा आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल न विसरता आणावा. हे कागद घराच्या दस्तऐवजांइतकेच जपून ठेवावेत. दहा वर्षांनी हाड मोडले वा छातीत कळ आली, तर नव्या डॉक्टरांना योग्य वाट दाखवणारे तेच असतील.